फितीखालचं पाळणाघर

फीत कापल्याशिवाय पाळणाघराचं कुलूप काढायचं नाही, असं ओपारेसाहेबांनी जाहीर केलं तेव्हा त्यांच्या नातवाला, यॉला, खालचे दोन दात आले होते. हे दात लक्षात ठेवा. या भानगडीत ज्या ज्या तारखा ठरल्या त्यातली एकही पाळली गेली नाही. वेळच्या वेळी आले ते फक्त यॉचे दात.

बाकी पाळणाघर तयार होतं हो. आमच्या कोफोरिडुआ गावच्या बाजारामागे कोकोचं एक जुनं गोदाम धूळ खात पडलं होतं, ते मामे ब्रागोंनी मिळवलं. आमच्या बाजारात प्रत्येक मालाची एक राणी असते. सुरणाची वेगळी, कांद्याची वेगळी. मामे ब्रागो टोमॅटोची राणी. त्यांनी भुवई उचलली तर भरलेला ट्रक आल्या पावली परत जातो, तिथे गोदाम काय चीज आहे? बायकांनी गाळे सांभाळून भिंतींना चुना दिला, चटया आणल्या, मच्छरदाण्या टांगल्या, पोरांची शी-शूची चिमुकली भांडी रांगेनं मांडली. आंटी फाउस्टिना नावाची जुनी दाई पोरं सांभाळायला तयार झाली. निम्म्या बाजाराला तिनंच जगात आणलं होतं, त्यामुळे तिच्यापुढे कुणाचा आवाज चढत नसे. आजवर टोमॅटोवालीचं पोर टेबलाखाली पेट्यांच्या मध्ये झोपायचं आणि रांगायला लागलं की थेट ट्रकच्या चाकाकडे निघायचं. आईचा एक डोळा गिऱ्हाइकावर, दुसरा चाकावर. अशा बायकांसाठी हे घर. त्यातून नफा कुणालाच नको होता, आणि तसं मंडळाच्या नावातच घातलं होतं: 'बाजार श्रमिक कुटुंब बालसंगोपन ना-नफा मंडळ'. हे नाव ओपारेसाहेबांनी सुचवलं. मंडळाच्या कामात त्यांचा तोवरचा हातभार एवढाच.

मग हा गृहस्थ अध्यक्ष कसा झाला? तर त्याच्याकडे कोट होता. पाणीपुरवठा कचेरीतून मीटर तपासनीसांचे उपप्रमुख म्हणून निवृत्त झालेले ओपारेसाहेब उन्हाळ्यात, धुळीच्या वाऱ्यात, सुरण आणायला जातानासुद्धा कोट घालत. बायकांना वाटलं, कचेऱ्यांमधून फिरायला असा एक माणूस बरा. किल्ली त्याच कोटाच्या खिशात गेली आणि तिथेच घोडं अडलं.

बरं, घाई खुद्द त्यांच्याच घरात होती. मुलगी अडोबिया परिचारिकेचं शिक्षण संपवून नेमणुकीची वाट बघत घरी बसली होती. नवरा टेमाच्या बंदरावर, महिन्याकाठी तोंड दाखवणारा. आई दानसोवा बाजारात कापड विकते, ती दिवसभर गाळ्यावर. आणि अखेर मोठ्या सरकारी इस्पितळातून बोलावणं आलं. येत्या सोमवारी हजर व्हा, नाही तर जागा पुढच्या उमेदवाराला. जागा एक, रांग मैलभर. पोर ठेवायला पाळणाघर एवढाच आधार होता.

"सोमवारी उघडू," ओपारेसाहेब म्हणाले होते. खरंच म्हणाले होते. पण चुना वाळायच्या आत शेजारचे तावियामास्तर कुंपणावर कोपर टेकून उभे राहिले. जन्मभर शाळेत हजेरी घेतलेला माणूस, आता अख्ख्या गल्लीची घेतो.

"उद्घाटन कुणाच्या हस्ते?" मास्तरांनी विचारलं.

"उद्घाटन कसलं? आंटी फाउस्टिना कुलूप काढेल, पोरं आत जातील."

"जातील?" मास्तरांनी आभाळाकडे पाहिलं. "ओपारे, माणूस मेला तरी आपण त्याला तसाच पुरतो का? फोटो छापतो, मांडव घालतो, सभेला अध्यक्ष नेमतो. आणि जिवंत पोरांचं घर तुम्ही चोरासारखं उघडणार? स्टँडमागचं नवं शौचालय बघा. बांधून तयार, पण कुलूप आहे. का? तर साहेब अजून आले नाहीत. लोक झाडीत जातात, पण शिस्त मोडत नाहीत!"

हे ऐकून दुसरा कुणीही पोट धरून हसला असता. ओपारेसाहेबांना मात्र दरदरून घाम फुटला. आयुष्यात त्यांच्या नावानं कधी काही उघडलं नव्हतं, नळसुद्धा नाही. डोळ्यांपुढे लाल फीत दिसू लागली, बशीत ठेवलेली कात्री दिसू लागली आणि कात्रीच्या शेजारी स्वतःचा कोट.

त्यांनी खासदारांच्या कचेरीत फोन लावला. आमच्याकडे खासदाराला नावानं कुणी हाक मारत नाही, 'सन्माननीय' म्हणतात. आता सन्मानाचं काम काय केलं हे विचारू नये. सन्माननीयांच्या चिटणिसानं सगळं ऐकून घेतलं आणि अतिशय गोड आवाजात सांगितलं, "कळवू."

"कळवू म्हणाले!" ओपारेसाहेब घरात येऊन म्हणाले, जणू पदकच मिळालं.

"अहो अडोबियाचे बाबा," दानसोवा कापडाच्या घड्या घालत म्हणाल्या, "फीत कापली की पोरं रडायची थांबतात का? किल्ली द्या त्या फाउस्टिनाला आणि गप्प बसा."

"तुला यातलं कळत नाही."

"मला कापड कळतं. फीतही कापडच असते. दुकानात या, हातभर फाडून देते."

बाईमाणसाच्या अशा बोलण्याला उत्तर न देणं यालाच ओपारेसाहेब मोठेपणा समजत. त्यांनी दारावर लाल फीत बांधून घेतली, चांगली रुंद आणि चमकदार, एका चौकटीपासून दुसऱ्या चौकटीपर्यंत. पाहुणा बुटका निघाला तरी हात पोचेल, अशी छातीच्या उंचीवर.

मग मास्तरांना आठवलं की नानांना सांगायचं राहिलं. नाना म्हणजे आमच्या गावचे राजे. त्यांच्याकडे जाताना श्नॅप्सची, म्हणजे कडक विलायती दारूची, बाटली न्यावी लागते, आणि नाना समोर बसलेले असले, कान शाबूत असले, तरी बोलायचं ते त्यांच्या वतीनं बोलणाऱ्या काठीवाल्यांशी. ओपारेसाहेबांनी बाटली ठेवली, त्या दिवसापुरतं कोटाऐवजी गुंडाळलेलं कापड रीतीप्रमाणे खांद्यावरून उतरवून वाकले आणि पाळणाघराची गोष्ट सांगितली. नाना डोळे मिटून होते. काठीवाल्यांनी सोनेरी मुठीची काठी जमिनीवर आपटली.

"नाना विचारतात, खासदाराला आधी निरोप आणि नानांना नंतर, ही कुठल्या गावची रीत?"

नानांनी काहीही विचारलं नव्हतं, ते घोरत होते. पण हे बोलून दाखवायची हिंमत कुणाला? दुसरी बाटली आली. मग एक मेंढा आला. मग ठरलं, की नाना समारंभाचे अध्यक्ष, सन्माननीय प्रमुख पाहुणे, पाद्रीबाबा प्रार्थनेला आणि इमामसाहेब दुसऱ्या प्रार्थनेला. पोरांचं नाव कार्यक्रमात कुठेच नव्हतं. तेवढ्यात चिटणिसाचा फोन आला की सन्माननीयांना शनिवार सोयीचा आहे.

शनिवार! आमच्या मुलखात शनिवार हा वार नसून अंत्यविधी आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण 'सोयीचा आहे' हे शब्द ऐकून साहेबांची अक्कल गहाण पडली. मांडव घातला, खुर्च्या आल्या, गवंड्यानं दारापाशी उभ्या केलेल्या संगमरवरी कोनशिलेवर सन्माननीयांचं नाव आणि तारीख कोरली. शुक्रवारी सकाळी कळलं की नानांच्या मावशीचा अंत्यविधी त्याच शनिवारी आहे. नाना तिथे, सन्माननीय तिथे, पाद्री तिथे. मांडववाला येऊन मांडवसुद्धा उचलून तिथेच घेऊन गेला. शनिवारी काळं कापड गुंडाळून ओपारेसाहेब मावशीबाईंच्या सभेला बसले, तेव्हा खालची खुर्ची आपणच भाड्यानं आणलेली आहे हे त्यांनी पायाच्या वाकड्या दांडीवरून ओळखलं.

आणि सोमवार उजाडला.

अडोबिया पांढऱ्या गणवेशात उंबऱ्यात उभी होती, कडेवर यॉ. "पापा, किल्ली द्या. आंटी फाउस्टिना तिथे पायरीवर येऊन बसलीये. मी याला सोडते आणि तशीच पुढे जाते."

"अगं, फीत आहे ना दारावर."

"खालून जाईन मी!"

"बोलावलेल्या पाहुण्याच्या आधी आत शिरायचं? हे म्हणजे त्याच्या पानातलं मटण आपण खाण्यासारखं झालं. चार दिवसांचा प्रश्न आहे, अडोबिया. तोवर मी सांभाळतो त्याला. मी काय पोर सांभाळू शकत नाही?"

अडोबियानं बापाकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर वितळला असता. पण घड्याळ पुढे सरकत होतं. तिनं पोर त्यांच्या हातात दिलं आणि धावतच निघून गेली.

चार दिवसांचे किती दिवस झाले ते विचारू नका. यॉला वरचे दोन दात आले. सन्माननीय एकदा राजधानीत अडकले, एकदा परदेशी गेले, एकदा 'कळवू' म्हणाले आणि कळवायलाच विसरले. दर खेपेला गवंडी यायचा, कोनशिलेवरची जुनी तारीख सिमेंटनं बुजवायचा आणि नवी कोरायचा. कोरून कोरून दगड तिथे पातळ झाला आणि एक दिवस छिन्नी आरपार गेली. तारखेच्या जागी भोक पडलं. गवंडी म्हणाला, "आता कुठलीही तारीख चालेल."

इकडे कोटातल्या साहेबांच्या खांद्यावर यॉनं रोज दूध ओकावं, असा परिपाठ पडला. पोराला खाली ठेवलं की रडे आणि उचललं की कोटाची बटणं खाई. शेवटी शेजारणींनी गंमत बघत बघत त्यांना पाठीला पोर बांधायला शिकवलं. "वाका, पापा! अजून वाका! कंबर सोडा!" उपप्रमुख भर गल्लीत ओणवे झाले, पाठीवर पोर, पोराभोवती दानसोवांच्या दुकानातलं पिवळ्या पोपटांचं कापड. पहिल्यांदा गाठ सुटली आणि यॉ घसरत घसरत गुडघ्यापाशी आला. कुंपणावरून तावियामास्तर म्हणाले, "मांडव कधी घालताय?" आता मास्तर उद्घाटनाचं बोलत होते की दुसऱ्या कशाचं, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

खिशात किल्ली घेऊन हा माणूस पाठीवर पोर बांधून गल्लीभर फिरत होता! काखेत कळसा म्हणतात तो हाच. बायका मात्र हसायच्या थांबल्या होत्या. त्यांची पोरं अजून टेबलाखालीच होती, आणि एकीचं तर ट्रकच्या चाकापासून वीतभर अंतरावरून ओढून काढावं लागलं होतं. त्या दिवशी मामे ब्रागो स्वतः दारात आल्या.

"पापा ओपारे, त्या चाकाला तुमचा सन्माननीय कळवणार आहे का, थांब म्हणून?"

"मामे, आणखी थोडा धीर धरा. सन्माननीय नक्की..."

"गोदाम मी मिळवलं. चुना आम्ही दिला. तुम्ही फक्त खिसा दिलात. आणि त्या खिशात आमची पोरं कोंडून ठेवलीत."

खरं म्हणजे साहेबांनी तेव्हाच किल्ली द्यायला हवी होती. पण शिकल्यासवरल्या माणसाला चूक कळली की तो ती चूक आधी नीट शोभिवंत करून घेतो.

दुसऱ्याच दिवशी यॉला दातामुळे ताप आला आणि आजोबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला पाठीला बांधून ते थेट इस्पितळात, थेट अडोबियाच्या वॉर्डात घुसले आणि "अडोबिया! अडोबिया!" असा हंबरडा फोडला. ऑपरेशन झालेले रोगी उठून बसले. मेट्रन धावत आली. पोराचा ताप किरकोळ निघाला. मेट्रन किरकोळ नव्हती.

"सिस्टर अडोबिया," ती शांतपणे म्हणाली, "पोर वॉर्डात आलं, ही पहिली आणि शेवटची वेळ. पुन्हा आलं तर त्याच्याबरोबर तूही घरी जा. दारात रांग उभी आहे."

व्हरांड्यात येऊन अडोबियानं बापाच्या पाठीवरची गाठ घट्ट केली. "पापा, एवढी वर्षं मी वाट बघितली. माझी नोकरी त्या फितीपेक्षा स्वस्त आहे का हो?"

पोपटांचं कापड गुंडाळलेल्या त्या माणसाला पहिल्यांदाच लाज वाटली. वाटावीच! वाटेनं तो स्वतःशीच पुटपुटत होता, की उद्या काही झालं तरी उघडायचं. आणि बघा दैवाची खोड, घरी पोचतो तोच फोन वाजला. सन्माननीय उद्या सकाळी येत आहेत. अगदी नक्की.

मांडव पुन्हा पडला. लाज मांडवाखाली गेली. ओपारेसाहेबांनी कुलूप काढलं, पाहुण्यांना आतली शोभा दिसावी म्हणून दार सताड उघडलं आणि फीत ताणून बांधली. बायका गाळे बंद करून, धुतलेली पोरं घेऊन सकाळी येऊन बसल्या. नाना आले, काठीवाले आले, दोन्ही प्रार्थना झाल्या. सन्माननीय आले नाहीत. ऊन डोक्यावर आलं. ढोलवाले दमले. नासायला आलेल्या टोमॅटोच्या पेट्या बाजारात एकट्या पडल्या होत्या आणि बायकांच्या तोंडातून आता हळूहळू जे शब्द निघू लागले ते पाद्रीबाबांनी ऐकू नयेत असे होते. पोरांनी तर गळे काढले होते. ओपारेसाहेब पाठीवर यॉला बांधून फोनवर ओरडत होते, "कुठवर आलेत?" आणि पलीकडून गोड आवाज येत होता, "कळवतो."

त्या ओरडण्यात गाठ सैल झाली. यॉ घसरला, गुडघ्यापाशी आला, आणि आता त्याला घसरायची सवय झालेली असल्यामुळे न रडता जमिनीवर उतरला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. उन्हात सगळी मोठी माणसं बसली होती आणि समोर दारातून गार सावली दिसत होती. तो रांगत निघाला. लाल फीत त्याच्या डोक्यावरून कितीतरी उंच होती. तो तिच्याखालून आत गेला आणि चटईवर पालथा पडला.

मग मांडीवरून दुसरं पोर निसटलं, मग तिसरं. एक नुकती चालायला लागलेली पोरगी चालतच गेली, तिलाही वाकावं लागलं नाही.

"थांबवा!" काठीवाले काठी आपटत उठले. "फीत कापलेली नाही!"

"कापलीये कुणी?" मामे ब्रागो खुर्चीतूनच म्हणाल्या. "नीट बघा. फीत जागच्या जागी आहे. रीत तुमच्या छातीच्या उंचीवर बांधलीये, त्याच्या खालून जाणाऱ्याला ती लागू नाही. नानांना विचारा हवं तर."

काठीवाल्यांनी नानांकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत नानांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "पोरांना झोपू द्या," ते म्हणाले, आणि स्वतःही पुन्हा डोळे मिटले.

आंटी फाउस्टिना मागच्या, स्वयंपाकघराच्या दारानं आत गेली. त्या दाराला फीत बांधायचं कुणाला सुचलं नव्हतं. पेजेचं पातेलं चढलं. बायका एकेक करून उठल्या, फितीखाली वाकून उरलेली पोरं आत दिली आणि बाजाराकडे चालू लागल्या. कुणी भाषण केलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रिकाम्या खुर्च्यांसमोर ओपारेसाहेब उरले आणि त्यांच्या पाठीवर लोंबणारं पोपटांचं कापड. त्यांनी किल्ली खिशातून काढली, वाकले, आत जाऊन खिळ्याला टांगली आणि बाहेर आले. त्या संध्याकाळी अडोबिया इस्पितळातून परस्पर पाळणाघरात गेली, यॉला घेऊन आली आणि रात्री बापाच्या पानात सूपमधला मटणाचा मोठा तुकडा वाढला.

फीत मात्र कुणी कापली नाही. ज्याच्यासाठी बांधली त्यानंच कापायची, ही रीत आहे बाबा. सगळे वाकून जात. सुरुवातीला दार मोकळं दिसे, मग एका दमट सकाळी आंटी फाउस्टिनानं फितीवर एक लंगोट टाकला. तो छान वाळला. दुसऱ्या दिवशी अख्खी फीत भरली. कोनशिलेतल्या भोकातून पोरं बोटं घालून एकमेकांना हाका मारू लागली. ओपारेसाहेब कोट घरी ठेवून रोज येऊ लागले आणि नव्या आयांना पोर पाठीला कसं बांधावं याचे धडे देऊ लागले. "कंबर सोडा! अजून वाका!" हे शास्त्र आपणच शोधून काढलं, असा त्यांचा चेहरा असे. फितीच्या उंचीचंही श्रेय ते हल्ली घेऊ लागले होते.

यॉला पहिली दाढ आली त्या आठवड्यात, भर दुपारी, पाळणाघरापुढे तीन काळ्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. निवडणूक जवळ आली होती. पुढच्या गाडीनं भोंगा वाजवला. आत कुणीतरी कुरकुरलं, आणि आंटी फाउस्टिना हातात पेज ढवळायचा डाव घेऊन बाहेर आली. भोंगा बंद झाला.

सन्माननीय उतरले. मागे छायाचित्रकार, त्याच्या मागे गोड आवाजाचा चिटणीस, बशी आणि कात्री घेऊन. सन्माननीयांनी दाराकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत लंगोट होते, ओले, थेंब गळणारे. त्यातून जेवढी फीत दिसत होती ती उन्हानं गुलाबी झाली होती.

पाठीवर एक आणि कडेवर एक पोर घेतलेले ओपारेसाहेब पायरीवर आले. ज्या माणसाची त्यांनी इतके दिवस चातकासारखी वाट पाहिली, तो समोर हसत उभा होता.

"अध्यक्षसाहेब!" सन्माननीय दोन्ही हात पसरून म्हणाले. "अखेर योग आला. चला, कापून टाकू."

"हळू बोला," ओपारेसाहेब म्हणाले. "पोरं झोपलीत."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"फीत कापली तर लंगोट धुळीत पडतील. पुन्हा कोण धुणार?"

सन्माननीयांनी चिटणिसाकडे पाहिलं. चिटणिसानं डाव धरलेल्या आंटी फाउस्टिनाकडे पाहिलं आणि बशी खाली केली. छायाचित्रकार कोनशिलेचा फोटो घ्यायला वाकला तर भोकातून एक बोट बाहेर आलं आणि त्याच्या नाकाला लागलं.

"बरं, मग हे वाळले की करू," सन्माननीय हसू सांभाळत म्हणाले. "कधी वाळतील?"

ओपारेसाहेबांनी पाठीवरचं पोर जरा वर सरकवलं, गाठ चाचपली आणि अतिशय गोड आवाजात सांगितलं,

"कळवू."